पेनांगचं बिल

वीज कचेरीतल्या तक्रारीच्या खिडकीमागे कनकाची वीसेक वर्षं गेली होती. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातली निम्मी माणसं तिला चेहऱ्यानं ओळखत. बिल वाढलं की माणूस कचेरीत येतो आणि आल्याबरोबर हकिकत सांगायला लागतो. घराला महिनाभर कुलूप होतं, सासऱ्यांचं आजारपण होतं, भाडेकरूनं न विचारता एसी बसवला. नोकरीला लागली तेव्हा कनका सगळं ऐकून घ्यायची. मग तिच्या ध्यानात आलं, की हकिकतीनं आकडा बदलत नाही. मीटर फिरला तो फिरला. तेव्हापासून ती मान वर न करता हात पुढे करायची आणि म्हणायची, "कारण राहू दे, बिल दाखवा." लोक तिला कडक म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

घर कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा सुंदरराव जॉर्ज टाउनमध्ये बंदराच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका पेढीत कारकून होता. दोघांचीही घराणी तंजावरची. घरात बोलायचे ती मराठी कुठल्या काळातली होती कोण जाणे. पुण्याकडचा एखादा पाहुणा आला की हसायचा आणि मग कौतुक करायचा. मुलगी एकच, जननी, सोळा वर्षांची. तिला ही मराठी समजायची सगळी, पण उत्तर ती तमिळमध्ये द्यायची. कनकानं त्याचाही नाद सोडला होता.

जननी टेबल टेनिस खेळायची. चांगली खेळायची. एका शाळेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये अकादमी होती, तिथे ती आठ वर्षांची असल्यापासून जात होती. तिथले प्रशिक्षक विजयेंद्र सर एके काळी राज्याकडून खेळलेले. चाळिशी उलटलेला, सडपातळ, मृदू बोलणारा माणूस. पालकांना घरचा वाटावा असा. त्या उन्हाळ्यात अकादमीच्या पाच मुलींची मलेशियात, पेनांगला, ज्युनियर स्पर्धेसाठी निवड झाली तेव्हा सुंदररावांनी पेढीत सगळ्यांना मैसूरपाक वाटला. संघाबरोबर एक बाई मॅनेजर म्हणून जायची होती. ती आयत्या वेळी आजारी पडली. "मी आहे ना," असं सर म्हणाले, आणि कुणाच्याच मनात काही आलं नाही. कनकाच्याही नाही.

आठवड्यानं जननी परत आली. पहिल्याच फेरीत हरली होती. दमलेली दिसली, बोलली फार नाही. हरल्यामुळे असेल, असं घरात सगळ्यांनी धरलं.

मग एका दुपारी खिडकीवर रांग असताना कनकाच्या मोबाईलवर संदेश आला. जननीच्या नंबराचं बिल, कनेक्शन कनकाच्या नावावर. रक्कम एक लाख चौऱ्याऐंशी हजार. कुणीतरी फसवायला पाठवलंय असं समजून तिनं तो पुसून टाकला. संध्याकाळी जननीचा फोन बंद पडला तेव्हा ती तशीच उठून रस्त्यापलीकडच्या कंपनीच्या दुकानात गेली.

काउंटरवरचा मुलगा नम्र होता. त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. "परदेशासाठी पॅक घेतला होता मॅडम, पण तो दुसऱ्याच रात्री संपला. त्यानंतर तिथला साधा दर लागला. तो फार असतो."

"मग तुम्ही बंद का नाही केलंत? लहान मुलीच्या हातातला फोन आहे."

"बंद होतो मॅडम. मर्यादा संपली की आपोआप बंद होतो आणि मेसेज जातो, पुढे चालू ठेवायचं असेल तर होय म्हणून कळवा. खर्च किती येईल तेही त्यात असतं." त्यानं बोट ठेवलं. "त्यांनी होय कळवलंय. इथे. मग इथे. रोजच."

कनका बघत राहिली. खिडकीच्या अलीकडे उभं राहिलं म्हणजे कसं वाटतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. त्या मुलाला हकिकत सांगावी असं तिला वाटलं. पण सांगायला तिच्याकडे हकिकतच नव्हती. चुकून झालं असतं, फोन खिशात आपोआप चालू राहिला असता, तर गोष्ट वेगळी. मुलीनं आकडा वाचला होता आणि होय म्हटलं होतं.

घरी आली तेव्हा जननी शाळेचा गणवेश न बदलता जमिनीवर बसली होती.

"कुणाशी गे बोलत होतीस?" कनकानं विचारलं.

"श्रीरंजनीशी." श्रीरंजनी म्हणजे वर्गातली मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी.

"रोज? रात्रभर? व्हिडिओ लावून?"

"हो."

"मेसेज येत होते ते वाचलेस?"

"वाचले."

"आणि होय म्हटलंस."

कनकानं पुन्हा विचारलं, का म्हटलंस? जननी म्हणाली, "चुकलं अम्मा." एवढंच. रडली नाही, सबब सांगितली नाही. त्या शांतपणानंच कनकाचं डोकं फिरलं. तिनं मुलीच्या थोबाडीत मारली. लहानपणीसुद्धा तिनं कधी हात उगारला नव्हता, त्यामुळे मारावं कसं तेही तिला ठाऊक नव्हतं. अंगठी लागून जननीच्या गालावर ओरखडा उमटला. स्वयंपाकघराच्या दारात सुंदरराव उभे होते. ते म्हणाले, "पुरे कनका," आणि जननीकडे वळून, लाडाच्या नावानं हाक मारत, अगदी हळू म्हणाले, "एवढ्याशा सुखासाठी कन्ना? इथे आल्यावर बोलायचं होतं ना मैत्रिणीशी."

त्या वाक्यावर मात्र जननीनं त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग ती उठून आत गेली.

कनकानं फोन लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी ती जननीला घेऊन अकादमीत गेली. सरांनी लक्ष ठेवायला हवं होतं असं तिला वाटत होतं. भांडायचं नव्हतं, पण बोलायचं होतं. विजयेंद्र सरांनी तिला खुर्ची दिली, कॉफी मागवली, रक्कम ऐकून कपाळाला हात लावला. "मी रोज सांगायचो मुलींना, दहाला फोन बंद. बाकीच्या ऐकायच्या. जननीचं लक्षच नव्हतं खेळात. म्हणून तर पहिल्या फेरीत गेली. मी तुम्हाला सांगणार नव्हतो, पण आता तुम्हीच विषय काढलात." मग म्हणाले, "फोन काढून घेतलात ते उत्तम केलंत. परत देऊ नका. आणि थोडे दिवस हिला सकाळी लवकर पाठवा. साडेपाचला. बाकीच्या साडेसहाला येतात. तासभर मी स्वतः घेतो. फी नको. गुण आहे मुलीत, शिस्त गेलीय."

कनकाला गहिवरून आलं. फी नको म्हणणारं माणूस या शहरात कुठे भेटतं? ती जननीला म्हणाली, "सरांची क्षमा माग."

जननी उभी राहिली होती. हॉलमध्ये चेंडूंचा टकटक आवाज चालला होता. बाकीच्या मुली इकडेच बघत होत्या.

"माग की."

"सॉरी सर," जननी म्हणाली.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कनकानं पाहिलं, मुलीची मान ताठ झाली, खांदे वर चढले. ताठा आहे, असं ती मनाशी म्हणाली. घरी येताना तिनं ते बोलूनही दाखवलं.

मग पहाटेचं जाणं सुरू झालं. कनका चारला उठायची, कॉफी करायची, जननीला उठवायची. जननी उठायची नाही, म्हणजे जागीच असायची पण अंथरुणातून हलायची नाही. पोट दुखतं म्हणायची. दोनदा न्हाणीघरात ओकली. कनकानं ओवा दिला, आल्याचा रस दिला, आणि पाठवलं. सुंदरराव एकदा म्हणाले, "नको वाटतंय तिला, राहू दे." कनका म्हणाली, "नको वाटणारच. तिनं कमावलेलं बिल आपण फेडायचं, आणि तिला झोप हवी?" सुंदरराव वादाला घाबरणारे गृहस्थ होते. आयुष्यभर कागदावरची चूक शोधत आले, माणसांतली शोधायची वेळ आली की चष्मा पुसत बसायचे.

एका सोमवारी जननी सातच्या आतच परत आली. एका पायात बूट, दुसरा हातात. लेस तुटली म्हणाली. मंगळवारी ती म्हणाली, "अम्मा, आज नको. मी पाया पडते." हे ती मराठीत म्हणाली होती. कनकाच्या कानाला ते लागलं होतं, पण गॅसवर दूध होतं, कचेरीत महिनाअखेर होती. "नाटकं नकोत," ती म्हणाली, आणि जिन्यापर्यंत जाऊन मुलगी खाली उतरते की नाही ते पाहिलं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, खिडकीच्या रांगेत श्रीरंजनी उभी होती. शाळेच्या गणवेशात, पाठीला दप्तर, पुढे एक म्हातारे गृहस्थ, मागे पाणीपुरवठ्याची तक्रार चुकून इथे घेऊन आलेली एक बाई. तिची पाळी आली तेव्हा कनकानं सवयीनं हात पुढे केला. "बिल?"

"आंटी, जननीचा फोन तिला परत द्या."

कनकानं मान वर केली. "शाळा नाही तुला?"

"शाळा सोडून आले. आंटी, फोन द्या तिला. सकाळी तरी द्या. मी फोनवर राहीन."

"तू फोनवर राहिलीस त्याचंच बिल भरतोय आम्ही."

मुलगी हलली नाही. मागची बाई कुरकुरायला लागली. श्रीरंजनी म्हणाली, "सांगणार नाही असं मी तिला वचन दिलंय. पण मला झोप येत नाही."

कनकानं खिडकीवर पाटी लावली आणि तिला घेऊन जिन्याखाली गेली, जिथे कचेरीच्या सायकली ठेवतात. तिथे उभ्यानं श्रीरंजनीनं सांगितलं. तमिळमध्ये, भराभर, मधे न थांबता, पाठ केल्यासारखं.

मुली पाच होत्या. दोघी-दोघींना एक अशा दोन खोल्या, आणि पाचवी, जननी, एकटी. ती वाटणी सरांनी केली होती. पहिल्या रात्री त्यांनी दार वाजवलं. पाय मुरगळला होता ना, बघू, म्हणाले. आत येऊन बसले. बराच वेळ बसले. पाय बघून झाला तरी हात काढला नाही. ती पाय ओढून न्हाणीघरात गेली आणि ते जाईपर्यंत कडी लावून आत बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की तिच्या खोलीचं दार उघडायचं दुसरं कार्ड त्यांच्याकडे आहे, आणि दाराला आतून कडी नाही. हॉटेलचं वायफाय फक्त खालच्या मजल्यावर चालायचं, आणि तिथे कोचावर रात्री सर बसायचे.

"मग ती मला व्हिडिओ लावायची," श्रीरंजनी म्हणाली. "फोन उशीला टेकवून दाराकडे तोंड करून ठेवायची. मी इकडे जागी राहायची. ती झोपली तरी मी बघत राहायची. एकदा दार उघडलं. सर आत आले. मी मोठ्यानं म्हटलं, गुड ईव्हनिंग सर. ते दचकले. मग हसले. अभ्यास चाललाय का, म्हणाले, आणि गेले. नंतर रोज दाराचा आवाज यायचा, कार्ड लावल्याचा, पण मी बोलायला लागले की थांबायचा. म्हणून ती बंद करू शकत नव्हती आंटी. मेसेज आला की आम्ही दोघी वाचायचो. किती पैसे होतील ते आम्हाला कळत होतं. मी तिला म्हणायची, होय म्हण. मीच म्हणायची."

कनकानं सायकलीच्या सीटला धरलं.

"आता ती सकाळी एकटी जाते तिथे," श्रीरंजनी म्हणाली. "फोन नसतो तिच्याजवळ."

कनका परत वर गेली नाही. पाटी तशीच राहिली, पर्स तशीच राहिली. श्रीरंजनीच्या हाताला धरून ती रस्त्यावर आली, तिला तिच्या घराच्या फाटकाशी सोडलं आणि शाळेत जाऊन जननीला वर्गातून बोलावून घेतलं. रिक्षा केली. पैसे घरी गेल्यावर देते म्हणाली. रिक्षावाला गप्पिष्ट होता, आरशातून बघत होता. म्हणून कनका मराठीत बोलली. या शहरात ती भाषा घराच्या दारासारखी होती, लावून घेतली की बाहेरच्याला ऐकू येत नसे.

"श्रीरंजनी आली होती. मला सांगितलं तिनं."

जननी बाहेर बघत राहिली. मग तीही मराठीत बोलली. अडखळत, शब्द शोधत, लहान मुलानं बोलावं तसं. एवढं सलग मराठी ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

"सोमवारी सरांनी दार लावलं. मला धरलं. मी त्यांच्या हाताला चावले. मग पळाले. बूट तिथेच राहिला होता, खिडकीतून बाहेर फेकला त्यांनी."

"मग मंगळवारी?"

"मंगळवारी तू पाठवलंस."

"गेलीस तू?"

"जिना उतरले. तू वर उभी होतीस म्हणून. मग देवळाच्या तळ्यापाशी बसले. रोज तिथेच बसते आता. साडेसहा वाजले की उठते."

कनकाला रडू आलं नाही. रडायला हवं आहे हे कळत होतं, पण आत सगळं कोरडं पडलं होतं. तिनं मुलीचा हात धरायला हात पुढे केला. जननीनं हात दिला, पण त्यात जीव नव्हता.

"मला का गे नाही सांगितलंस?"

जननी म्हणाली, "तू विचारलंस, होय का म्हटलंस. मी सांगणार होते. तेवढ्यात मारलंस."

संध्याकाळी सुंदरराव आले तेव्हा कनकानं त्यांना सगळं सांगितलं. ते डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग खाली बसले. "पेनांगहून एक फोन करायचा होता," ते म्हणाले, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थांबले. थोड्या वेळानं त्यांनी चपला घातल्या. कनकाला वाटलं, सरांकडे निघाले. तिनं वाट अडवली. "कुठे?"

"पोलिसांत," ते म्हणाले. "मारामारी मला येत नाही. कागद मला येतात. चल."

महिला पोलीस ठाण्यातल्या अधिकारी बाई जननीशी चांगल्या वागल्या. साध्या कपड्यांत घरी आल्या, कनकाला खोलीबाहेर बसायला सांगितलं, सगळं लिहून घेतलं. विजयेंद्र सरांना अटक झाली. आठवड्यानं जामीन झाला.

सुंदररावांनी बिलाची तपशीलवार प्रत काढून आणली होती. त्यांना खात्री होती, की एवढा मोठा कागद म्हणजे पुरावा. अधिकारी बाईंनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "यातून एवढंच दिसतं, की डेटा वापरला गेला. कुणाशी बोलली, का बोलली, दारात कोण होतं, यातलं काही यात नाही. सिनेमा बघितला असेल, असंही त्यांचा वकील म्हणेल. मला त्या दुसऱ्या मुलीचा जबाब हवा."

श्रीरंजनीचे वडील तयार नव्हते. तेही सरळ माणूस होते, सुंदररावांना ओळखत होते. दारातच हात जोडून म्हणाले, "माझीही मुलगी आहे सार. उद्या तिचं लग्न करायचंय. कोर्टात उभी केली तर लोक विचारतील, हिला काय झालं होतं." दोघे दारात उभे राहिले आणि मग सुंदरराव परतले.

बाकीच्या चार मुलींच्या पालकांनी मिळून अकादमीला पत्र दिलं, की आमच्या मुलींना असा कोणताही अनुभव आलेला नाही आणि सर आम्हाला देवासारखे आहेत. त्यांतली एक बाई कनकाला भाजीच्या गाडीपाशी भेटली. तिनं कोथिंबीर परत ठेवली आणि पलीकडच्या गाडीकडे गेली. दुसरीनं मात्र फोन केला. "तुम्ही एवढं मोठं बिल आल्यावर मग हे सगळं काढलंत, असं लोक म्हणतायत," ती म्हणाली. "मी नाही म्हणत." कनकानं फोन ठेवला.

खिडकीवर बसणं आता तिला जड जायला लागलं. लोक हकिकत सांगायला लागले की ती थांबवत नसे. एकदा एक बाई बोलता बोलता गप्प झाली तर कनकानं विचारलं, "मग पुढे?" मागची रांग खोळंबली. वरिष्ठांनी समज दिली. तिनं ऐकून घेतली.

श्रीरंजनीनं अखेर जबाब दिला. तिनं घरी जेवणच सोडलं होतं. आई घाबरली आणि वडिलांना न सांगता तिला ठाण्यात घेऊन गेली. त्यानंतर त्या घरात काय झालं ते कुणी सांगितलं नाही. परीक्षा झाल्यावर श्रीरंजनीला मामाकडे कोइम्बतूरला पाठवलं, पुढचं शिक्षण तिथेच. निघायच्या दिवशी ती भेटायला आली नाही. जननी गॅलरीत उभी राहून वाट बघत होती, आणि अंधार पडल्यावर आत आली.

बिलाचा प्रश्न उरलाच होता. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, कारण लिहून अर्ज द्या. खास बाब म्हणून निम्मं माफ होऊ शकतं. कारण पटण्यासारखं हवं." सुंदररावांना ते योग्य वाटलं. त्यांनी कागद घेतला, पेन घेतलं.

"काय लिहिणार?" कनकानं विचारलं.

"खरं ते."

"कुणाला? कुठल्या तरी खोलीतला कुठला तरी माणूस वाचेल आणि पटलं की नाही ते ठरवेल. आणि नाही पटलं तर?"

सुंदररावांनी पेनाचं टोपण लावलं. कनकानं भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले आणि बिल पूर्ण भरलं. पावती घेतली नाही. मुलानं मागून हाक मारली तरी ती वळली नाही. त्या पैशानं तिच्या मुलीच्या खोलीच्या दारावर सहा रात्री पहारा राहिला होता. त्यात माफ करण्यासारखं काय होतं?

जननी पुन्हा खेळली नाही. अकरावीला तिनं वाणिज्य घेतलं. जेवायला बसली की जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची. कनकानं एका दुपारी तिची क्षमा मागितली. जमिनीवर समोर बसून, नीट शब्दांत, मारल्याबद्दल आणि पाठवल्याबद्दल. जननीनं ऐकलं. "सरि अम्मा," म्हणाली. ठीक आहे. ते तमिळमध्ये म्हणाली, आणि त्यानंतर ती पुन्हा कधी मराठीत बोलली नाही.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. मुलांच्या खटल्यांसाठी वेगळं कोर्ट होतं, जननीला आत वेगळ्या खोलीत बसवायचे, आरोपी समोर येऊ नये म्हणून. पहिल्या तारखेला सरांचा वकील आला नाही. दुसरीला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या तारखेला सुंदरराव जननीपाशी आत बसले होते आणि कनका बाहेर व्हरांड्यात बाकावर होती. पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता.

विजयेंद्र सरांची बायको अलमेलू पलीकडच्या बाकावर होती. साधी, गोल चेहऱ्याची, तिशीतली बाई. कनकानं तिला वार्षिक समारंभात पाहिलं होतं, प्रसादाच्या द्रोणांची परात घेऊन फिरताना. तिच्या शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी रंगवायचं पुस्तक घेऊन बसली होती. घरी ठेवायला कुणी नसेल.

थोड्या वेळानं अलमेलू उठली आणि कनकाच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. आता ही पाया पडेल, खटला मागे घ्या म्हणेल, असं कनकाला वाटलं. ती तयार होऊन बसली. काय बोलायचं ते तिनं किती तरी दिवस मनात घोळवलं होतं.

अलमेलू पाया पडली नाही. समोर भिंतीकडे बघत, ओठ हलताहेत की नाही कळू नये अशा आवाजात तिनं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं अक्का? मुलीत काय दिसलं? मला सांगा, कशावरून ओळखायचं?"

कनकानं पलीकडे पाहिलं. ती छोटी मुलगी हत्तीला निळा रंग देत होती, जीभ बाहेर काढून, रेघेबाहेर जाऊ नये म्हणून जपून.

"मी नाही ओळखलं," कनका म्हणाली. "सगळं दिसत होतं. ओकायची, उठायची नाही, जेवायची नाही. मला दिसत होतं आणि मी रोज तिला पाठवत होते. दुसऱ्याच्या मुलीनं येऊन सांगितलं."

अलमेलूनं मान हलवली. आतून शिपायानं खटला पुकारला. ती उठली, मुलीचे रंग गोळा करायला लागली, आणि एक खडू बाकाखाली घरंगळत गेला तेव्हा कनकानं वाकून तो उचलून तिच्या हातात दिला.

त्या दिवशीही तारीख पडली.